धावणाऱ्याचं हृदय: ते घडवायचं कसं आणि त्याची नाडी वाचायची कशी

बैठं काम करणाऱ्या माणसाच्या हृदयाचा डावा खालचा कप्पा दर ठोक्याला साधारण ७० मिली रक्त पुढे ढकलतो. लांब पल्ल्याच्या मुरलेल्या धावपटूत हा आकडा १०० मिलीपर्यंत, कधी त्याहून पुढेही जातो. विश्रांतीत शरीराला मिनिटाला पाचेक लिटरच रक्त लागतं, म्हणून जिथे ७० ठोके पडायचे तिथे ५० पुरतात. कमाल ठोके सरावाने वाढत नाहीत. वाढतं ते दर ठोक्याचं रक्त.

हा बदल मुख्यतः हळू धावण्यातून येतो, आणि नवखे नेमके इथेच घाई करतात. मध्यम श्रमातच कप्पा जवळजवळ पूर्ण भरू लागतो. असं तासभर भरत राहिलं की तो हळूहळू प्रशस्त होतो. कमाल ठोक्यांचा अंदाज काढायला २०८ मधून वयाची ०.७ पट वजा करा. चाळिशीत हे १८० येतं (माणसागणिक दहाएक ठोके इकडेतिकडे). त्याच्या ६० ते ७५ टक्के, म्हणजे १०८ ते १३५ या पट्ट्यात आठवड्यातले तीन-चार दिवस धावा. पूर्ण वाक्य न धापता बोलता आलं तर वेग बरोबर आहे. दोनेक महिन्यांनी आठवड्यातून एकदा ४ मिनिटं जोरात, ३ मिनिटं सावकाश, अशा चार फेऱ्या करा. मुंबईच्या दमट हवेत घामाने रक्तातलं पाणी घटतं आणि त्याच वेगाला ठोके वर चढतात. तेव्हा घड्याळातला वेग सोडा, नाडी धरा. मनगटी घड्याळ कधीकधी पावलांचीच गती ठोके म्हणून दाखवतं. शंका आली तर छातीचा पट्टा वापरा.

नाडी सकाळी, अंथरुणातून उठण्याआधी मोजा. तर्जनी आणि मधलं बोट अंगठ्याखालच्या मनगटावर ठेवून पूर्ण ६० सेकंद. १५ सेकंद मोजून चारने गुणलं तर एका ठोक्याची चूक चारची होते; शिवाय श्वासाबरोबर ठोके थोडे पुढेमागे होतात, तेही निसटतं. आठवड्याची सरासरी लिहून ठेवा. एखाद्या सकाळी नाडी या सरासरीहून सात-आठ ठोक्यांनी वर असेल तर अपुरी झोप, कमी पाणी किंवा येऊ घातलेला ताप असू शकतो. तापात तर धावूच नका: विषाणूची सूज हृदयाच्या स्नायूला आली असेल तर श्रम जिवावर बेततात.

वजन उचलणाऱ्यांची गोष्ट वेगळी. श्वास रोखून जोर लावताना रक्तदाब क्षणभर फार चढतो, त्यामुळे कप्प्याची भिंत किंचित जाड होऊ शकते, पण कप्पा तितका मोठा होत नाही. इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) भिंत १२ मिमीपर्यंत असेल तर सहसा काळजी नसते. १३ ते १५ हा संशयाचा पट्टा. त्यापुढे आजार समजूनच तपास होतो. संशय असेल तर डॉक्टर कधीकधी तीनेक महिने सराव बंद ठेवून इको पुन्हा करतात: सरावाची जाडी उतरते, आजाराची उतरत नाही.

शर्यत संपताच गपकन थांबल्यावर येणारी चक्कर बहुधा पायांत साचलेल्या रक्ताची असते. म्हणून ५ ते १० मिनिटं चालत राहा. पण धावता धावताच शुद्ध हरपली, छातीत दुखलं, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर ईसीजी आणि इको होईपर्यंत बूट बाजूला ठेवा.