संग्रहालयातील शैक्षणिक इंटर्नशिप : गोव्यातील विद्यार्थ्यांसाठी

मानववंशशास्त्र, इतिहास किंवा समाजशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याने संग्रहालयात इंटर्नशिप मागताना अर्जात नुसती 'आवड आहे' असे लिहून थांबू नये. अर्जापूर्वी ते संग्रहालय दोनदा पाहावे : एकदा स्वतःसाठी आणि एकदा शाळेच्या एखाद्या सहलीच्या मागोमाग, मुले कुठे रेंगाळतात आणि कुठून न पाहताच पुढे जातात याच्या नोंदी करीत. त्या नोंदींवरून एखाद्या दालनासाठी अर्ध्या तासाचा उपक्रम आखून तो अर्जासोबत जोडावा. कामाचे तास, मार्गदर्शकाचे नाव आणि श्रेयांकासाठी महाविद्यालयाला लागणारे प्रमाणपत्र या गोष्टी सुरुवातीलाच लेखी ठरवून घ्याव्यात.

जुन्या गोव्यात १९६४ साली सुरू झालेल्या पुरातत्त्व संग्रहालयात दगडी शिल्पे आणि वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणार्थ कोरलेले दगड आहेत, तर बाणावलीच्या 'गोवा चित्र'मध्ये शेतीची अवजारे आणि घरगुती वापराच्या वस्तू आहेत. ज्या वस्तूंशी तासन् तास एकटे बसण्याची तुमची तयारी असेल, ते संग्रहालय निवडावे.

वीरगळाचेच उदाहरण घेऊ. त्याच्या समोर मुलांना उभे करून माहिती सांगू लागलात, तर दोन मिनिटांत त्यांचे लक्ष उडते. त्याऐवजी त्यांना जमिनीवर बसवावे आणि सर्वांत खालच्या चौकटीत काय चालले आहे, एवढेच विचारावे. लढाई आहे, कोणीतरी पडला आहे, हे ती स्वतःच सांगतात. मग नजर वर नेली, की अप्सरा त्या वीराला घेऊन जाताना दिसतात आणि त्याहून वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला दिसतो. दगड खालून वर वाचायचा असतो, हे मुलांना आपण होऊन उमगते तो क्षण मला आजही फार मोलाचा वाटतो. तेथे इंटर्नने गप्प राहावे.

समाजांविषयी बोलताना मात्र याहून पुष्कळ अधिक जपावे लागते. माझ्या इंटर्नशिपमध्ये कुणबी साडीसाठी मी एक कार्ड लिहिले होते : 'पूर्वी कुणबी स्त्रिया खांद्यावर गाठ मारून असे वस्त्र नेसत.' सहलीतील एका मुलीने ते सावकाश वाचले आणि शेजारणीला हळूच म्हणाली, "म्हजी आजी आजूनय अशेंच न्हेसता." चूक माझीच होती, कार्ड लिहिण्यापूर्वी मी कोणालाही विचारले नव्हते. गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांना २००३ मध्ये अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला, आणि गावडा समाजात हिंदूही आहेत, ख्रिस्तीही आहेत. अशा समाजांविषयी 'आदिम' हा शब्द किंवा सरसकट भूतकाळ वापरला, की समोर बसलेल्या मुलाचे घरच आपण काचेच्या कपाटात बंद करतो. म्हणून कार्डाचा मसुदा आधी त्या समाजातील एखाद्या जाणत्या व्यक्तीला वाचून दाखवावा, छायाचित्रासाठी परवानगी घ्यावी आणि माहिती ज्यांनी दिली त्यांना चालत असेल तरच त्यांचे नाव लिहावे.

भाषेचेही तसेच आहे. मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेतील बहुतेक मुले घरी कोकणी बोलतात. म्हणून वस्तूचे नाव आधी त्यांच्याकडून घ्यावे, मग मराठी शब्द सांगावा. घराघरांत आणि गावागावांत नावे बदलतात, ती सर्व वहीत टिपून ठेवावीत, कारण संग्रहालयाच्या नोंदवहीत ती पुष्कळदा नसतात.

हाताळायला द्यायच्या वस्तू नोंदणीकृत संग्रहातल्या नसाव्यात. त्यांच्या प्रतिकृती किंवा आजही वापरात असलेल्या साध्या वस्तू मिळवाव्यात, आणि त्यासाठीही अभिरक्षकांची संमती घ्यावी.

शेवटी जो अहवाल लिहाल, त्याची एक प्रत ज्या वाड्यावर, म्हणजे वस्तीवर, माहिती मिळाली तेथे स्वतः नेऊन द्यावी आणि थोडा वेळ बसून वाचून दाखवावी.