पॉटमधलं आईस्क्रीम: बर्फ वितळू द्या

मे महिन्यात माळ्यावरचा लाकडी पॉट खाली उतरला की पहिलं भांडण हँडल कोण फिरवणार यावरून, आणि दुसरं बर्फावरून. "अरे, बर्फ वितळतोय, पाणी काढा!" असं कुणीतरी ओरडतंच. काढू नका. इथे बर्फ वितळायलाच हवा.

वितळता बर्फ शून्य अंशावर थांबतो, आणि साखर घातलेलं दूध शून्यावर गोठत नाही. त्याला आणखी दोन-तीन अंश खाली जावं लागतं. म्हणून मीठ. खारं पाणी शून्यावर गोठत नसल्याने मीठ पडताच बर्फ भराभर वितळायला लागतो. १ ग्रॅम बर्फ वितळायला साधारण ८० कॅलरी उष्णता लागते, ती तो आजूबाजूने ओढून घेतो, म्हणजे डब्यातल्या दुधातून. मीठ-बर्फाचं मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकतं. घरी उणे दहा-बारा मिळालं तरी भरपूर झालं.

आदल्या रात्री २ लिटर म्हशीचं दूध आटवून दीड लिटर करा, त्यात ३०० ग्रॅम साखर विरघळवा आणि गार झाल्यावर फ्रीजमध्ये ठेवा. हा टप्पा गाळू नका. कढत दूध पॉटात गार करायचं म्हटलं तर सव्वा किलोहून जास्त बर्फ त्यातच खर्ची पडतो. आमरस घालायचा असेल तर दूध पूर्ण गार झाल्यावरच, नाहीतर फाटतं.

बर्फ ६ किलो आणि जाडं मीठ २ किलो आणा. लादी गोणपाटात गुंडाळून बत्त्याने फोडा. तुकडे सुपारीपेक्षा मोठे, लिंबापेक्षा लहान. बारीक मीठ लगेच विरघळून तळाला बसतं, म्हणून जाडंच घ्या.

भरताना आतला डबा दोन-तृतीयांशच भरा, आईस्क्रीम फुगतं. डबा धातूचा, कारण त्यातून उष्णता झटकन जाते. बादली लाकडाची, कारण तिच्यातून बाहेरचा उन्हाळा आत शिरत नाही. मधल्या जागेत बर्फाचा थर, त्यावर मीठ, पुन्हा बर्फ. साठणारं खारं पाणी डब्याला चहूबाजूंनी चिकटतं. सुट्या खड्यांना ते जमत नाही. फक्त पाण्याची पातळी झाकणाच्या खाली राहील एवढं पाहा, नाहीतर आईस्क्रीम खारट.

आता हँडल. सावकाश, पण न थांबता. डब्याच्या भिंतीला धरलेला बर्फाळ थर आतली पात खरवडत राहते, म्हणून कण बारीक राहतात. थांबलात तर दाताखाली बर्फ कचकचतो. मध्येच एक वेळ अशी येते की काहीच होत नाहीये असं वाटतं. दूध गोठताना स्वतःच उष्णता सोडत असतं, ती सगळी बाहेर जायला वेळ लागतो. माणसं नेमकी इथेच कंटाळतात. साधारण अर्ध्या तासाने हँडल जड झालं की थांबा, पात काढा (तिच्यावर हक्क अर्थात फिरवणाऱ्याचा), झाकणाचं भोक बंद करा, खारं पाणी काढून नवा बर्फ-मीठ भरा आणि तासभर गोणपाट पांघरून ठेवा. पाणी काढायची वेळ ही.

पॉट नसेल तर घट्ट झाकणाचा कडीचा डबा बादलीत ठेवा, बादलीभोवती गोधडी गुंडाळा आणि कडी धरून डबा उलटसुलट फिरवा. दर पाच मिनिटांनी झाकण पुसून उघडा आणि उलथन्याने कडा खरवडा. खाऱ्या पाण्यात उघडा हात घालू नका, कातडीला इजा होते.

उरलेलं पाणी कुंडीत ओतू नका, झाडं जळतात. प्लास्टिकच्या पसरट टबात गच्चीवर ठेवा. काही दिवसांच्या कडक उन्हात तळाशी मीठ उरतं, ते पुढच्या पॉटला चालतं.