‘गॅस-फायर्ड’ म्हणजे काय, आणि यंत्राच्या पाटीवर काय पाहायचे

बॉयलर, भट्टी किंवा गीझरच्या माहितीपत्रकात ‘गॅस-फायर्ड’ लिहिले असेल तर त्या यंत्रातली उष्णता बर्नरवर गॅस जाळून मिळते. वीज लागत नाही असे मात्र समजू नका. पंखा, ठिणगी आणि नियंत्रणासाठी बहुतेक मोठ्या यंत्रांना ती लागतेच. मराठीत ‘गॅसवर चालणारा बॉयलर’ म्हटले की पुरे. अमेरिकी कागदपत्रांत ‘गॅस-पॉवर्ड’ जनरेटर किंवा गवत कापायचे यंत्र आले तर तिथला गॅस बहुधा पेट्रोल असतो. भाषांतरात ही चूक फार होते.

खरा प्रश्न पुढचा: कोणता गॅस? पाटीवर नैसर्गिक वायू की एलपीजी, हे आधी वाचा. एलपीजीतला एक मुख्य घटक प्रोपेन; त्याच्या एक घनमीटरमध्ये नैसर्गिक वायूच्या सुमारे अडीचपट उष्णता असते, म्हणून एलपीजीच्या जेटचे, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या तोटीचे, छिद्र बारीक असते. नैसर्गिक वायूच्या जेटमधून एलपीजी सोडला तर ज्योत मोठी आणि पिवळी होते, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. उलट केले तर ज्योत अगदी लहान राहते आणि पाणी नीट तापत नाही. नुसता रेग्युलेटर बदलून भागत नाही. जेट, दाब आणि यंत्रानुसार हवेचे प्रमाण, सगळे बदलावे लागते. बर्नर पूर्ण पेटलेला असताना मॅनोमीटरने (गॅसचा दाब मोजणाऱ्या उपकरणाने) दाब तपासावा लागतो. हे काम प्रशिक्षित तंत्रज्ञाचेच. काम झाल्यावर नव्या गॅसची पाटी लावून घ्या, नाहीतर पुढचा माणूस फसतो.

पाटीवर इनपुट आणि आउटपुट असे दोन आकडे असतात. ३० किलोवॅट इनपुट आणि ९० टक्के कार्यक्षमता असेल, तर पाण्याला २७ किलोवॅट मिळतात. पाइपचा व्यास मात्र इनपुटवरून ठरवायचा: ३० किलोवॅटला ताशी सुमारे २.८ घनमीटर नैसर्गिक वायू लागतो. त्याच पाइपवर दुसरी यंत्रे असतील तर त्यांचे इनपुटही मिळवा. पाइप अरुंद पडला तर सगळी एकदम चालू केल्यावर दाब घसरतो आणि बर्नर विझू शकतो.

हवेचा मार्ग कधीही बुजवू नका. एक घनमीटर मिथेन (नैसर्गिक वायूचा मुख्य घटक) पूर्ण जळायला साडेनऊ घनमीटर हवा लागते, प्रोपेनला सुमारे चोवीस. सांध्यांची गळती साबणाच्या पाण्याने तपासा, काडी पेटवून कधीच नाही. गळतीसूचक एलपीजीसाठी जमिनीलगत बसवा, कारण तो हवेपेक्षा जड असतो. नैसर्गिक वायूसाठी छताजवळ.