स्नूकरची टूर, नोकरी आणि घर: नवीन प्लेयर्ससाठी माझा अनुभव

क्लबमधली पोरं मला नेहमी विचारतात की टूर कार्ड (प्रोफेशनल स्नूकर टूरवर खेळायचा हक्क) मिळालं तर नोकरी सोडायची का, आणि लग्न झालेलं असेल तर लगेच पुढचा प्रश्न, घरी कसं पटवायचं. मी नोकरी सांभाळून क्यू स्कूल, म्हणजे कार्ड मिळवायची क्वालिफाइंग स्पर्धा, खेळलो, कार्ड मिळालं तेव्हाही पार्टटाइम काम चालूच ठेवलं, त्यामुळे जे स्वतः बघितलंय त्यावरूनच लिहितोय. क्यू (खेळायची काठी) कुठला घ्यावा, लाँग पॉट (लांबून बॉल पॉकेटमध्ये घालणं) कसे सुधारावेत हे सांगणारे खूप जण भेटतील, पण कॅलेंडरवर कोणी बोलत नाही आणि माझ्या मते नवीन प्लेयरची खरी दमछाक तिथेच होते.

आधी टूर चालते कशी ते बघू. सीझन जूनच्या आसपास सुरू होतो आणि मे महिन्याच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या शेफील्डला क्रूसिबल थिएटरमध्ये वर्ल्ड चॅम्पियनशिपची फायनल झाली की संपतो, म्हणजे सुट्टी अशी फारशी नाहीच. टूरवर साधारण १२८ प्लेयर असतात, नवीन माणसाला कार्ड दोन वर्षांसाठी मिळतं आणि ती संपताना तुम्ही टॉप ६४ मध्ये असलात तर राहता. रँकिंग म्हणजे गेल्या दोन वर्षांत रँकिंग स्पर्धांमधून मिळवलेली प्राइज मनी, २०१४ पासून अशीच पद्धत आहे, आणि दोन वर्षांपूर्वीचे पैसे त्या स्पर्धेची वेळ परत आली की यादीतून गळतात. नवीन कार्डवाला शून्यापासून सुरू करतो म्हणून त्याचं गळायला काही नसतं, पण ज्यांच्याशी बरोबरी करायची त्यांच्या खात्यात आधीच्या सीझनची कमाई पडून असते. त्यामुळे घरच्या एखाद्या कार्यक्रमासाठी स्पर्धा सोडायची झाली तर "एकच तर आहे" असं म्हणून चालत नाही, आणि कुठली सोडायची हे घरात सीझनच्या आधीच बोलून ठेवावं लागतं.

आता माझा मुख्य मुद्दा. स्पर्धेच्या तारखा तुम्हाला आधी कळतात, पण तुमचे स्वतःचे दिवस कळत नाहीत. सुरुवातीचे राउंड बऱ्याच ठिकाणी बेस्ट ऑफ सेव्हन असतात, सात फ्रेमपैकी (फ्रेम म्हणजे एक डाव) चार आधी जिंकेल तो पुढे, म्हणजे चार फ्रेम हरलात की दोन-अडीच तासांत आठवडा मोकळा, आणि जिंकत गेलात तर तोच आठवडा पूर्ण गेला. त्यात काही स्पर्धांचे क्वालिफायर (पात्रता फेऱ्या) वेगळ्या गावात आणि मेन स्पर्धेच्या कितीतरी आधी होतात, म्हणजे क्वालिफायर इंग्लंडमध्ये आणि पुढचे राउंड नंतर कधीतरी चीनमध्ये, मग व्हिसा, तिकीट, रजा सगळं त्या एका मॅचच्या निकालावर अडून बसतं. अशा वेळी घरात नकळत एक सवय लागते, की "बघू, पहिल्या राउंडला हरलास तर शनिवारी येशीलच". बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं, पण ३-३ वर निर्णायक फ्रेम चालू असताना डोक्याच्या कोपऱ्यात शनिवार असेल तर काळ्या बॉलवर पोझिशन धरायच्या वेळी हात आखडतो, हे मी अनुभवलंय आणि इतरांकडूनही ऐकलंय.

म्हणून आमच्या घरी आम्ही उलटं ठरवलं. मी प्रत्येक स्पर्धेची फायनल खेळणार असं धरूनच सगळं ठरवायचं. लेकीला शाळेतून कोण आणणार, सासूबाई कधी राहायला येणार, गॅसपासून बँकेपर्यंतची कामं कोण करणार, सगळं फायनलच्या रात्रीपर्यंत लावलेलं. लवकर हरून परत आलो तर ते दिवस घराचे, त्यात प्रॅक्टिस नाही, ऑफिस नाही. बायकोला हे सुरुवातीला जरा जास्त वाटलं कारण रोज रोज कोण फायनल खेळतो, पण थोड्याच दिवसांत तीच म्हणाली की असंच बरं आहे, निदान कशावर अवलंबून राहायचं ते कळतं. नवीन लोकांनी बाकी काही नाही ऐकलं तरी एवढं करून बघाच.

दुसरी गोष्ट बाहेरच्या माणसाला माहीतच नसते, ती म्हणजे "नॉट बिफोर". शेड्यूलवर तुमच्या मॅचपुढे लिहिलेलं असतं की रात्री आठच्या आधी सुरू होणार नाही, म्हणजे आठनंतर कधीही. त्याच टेबलवर आधीचे दोघं सेफ्टी (समोरच्याला सोपा शॉट मिळू नये असा बचावाचा खेळ) खेळत बसले, ब्राउन बॉल टेबलाच्या कुशनला चिकटलेला आणि कोणी रिस्क घ्यायला तयार नाही, की तुम्ही प्लेयर्स रूममध्ये वेस्टकोट घालून, बो टाय खिशात ठेवून बसलेले. लेकीची झोपायची वेळ नेमकी तीच. सुरुवातीला मी मॅच झाल्यावर फोन करतो म्हणायचो आणि ती जागी राहायची, मग सकाळी शाळेची बोंब. नंतर ठरवून टाकलं की स्पर्धेच्या दिवशी फोन दुपारी, प्रॅक्टिस टेबलवर जायच्या आधी, आणि रात्री फक्त बायकोला स्कोअर. तिने मला काय विचारायचं हेही आम्ही ठरवलंय, हरलो असेन तर त्या रात्री मॅचबद्दल एक शब्द नाही. वेळ ठरली की लेकरं समजून घेतात, वाट बघायला लावली की नाही घेत.

नोकरीचं म्हणाल तर साहेबांना "स्नूकर खेळतो" एवढं सांगून भागत नाही, त्यांना वाटतं संध्याकाळचा छंद आहे. मी सीझनचं कॅलेंडर छापून नेलं आणि त्यावर तीन प्रकार दाखवले: नक्की जाणार ते, क्वालिफाय झालो तरच जाणार ते, आणि एका दिवसात संपणारे. चॅम्पियनशिप लीगचा पहिला टप्पा तसा असतो, चार जणांचा ग्रुप, सगळ्या मॅच एकाच दिवशी, लगेच घरी. साहेबांना त्रास रजेचा नसतो, ऐनवेळी कळवण्याचा असतो. हिशोबाचं काम असल्यामुळे महिनाअखेरीला मी कसाही करून लॉगिन करायचो, हॉटेलच्या खोलीतून का होईना, आणि त्या बदल्यात बाकीच्या तारखांना कोणी हरकत घेतली नाही. ज्यांची शिफ्ट ड्युटी आहे त्यांना हे जड जाईल, त्यांनी आधी क्यू टूर बघावी. ती अमॅच्युअर लोकांसाठी आहे आणि स्पर्धा बहुतेक वीकेंडला होतात, म्हणजे एखाद्या शुक्रवारच्या रजेत भागतं, आणि तिथूनही प्रो टूरचा रस्ता आहे.

प्रॅक्टिसबद्दल थोडंच लिहितो. दिवसाला सहा तास टेबलवर उभं राहणाऱ्यांशी तासांची स्पर्धा करायची नाही. मी कामाच्या दिवशी दोन तास खेळायचो, पहिला तास लाइन-अप (बॉल रांगेत लावून करायचा सराव) आणि लाँग पॉट, दुसरा तास कोणाशी तरी खऱ्या फ्रेम, आणि फोन कॅन्टीनच्या ड्रॉवरमध्ये. बाकी वेळ कमी असेल तर तो स्पर्धेच्या गावी एक दिवस आधी पोचण्यात घाला, कारण टूरच्या टेबलचं कापड पातळ आणि फास्ट असतं, क्लबच्या टेबलवरचा अंदाज तिथे पहिल्या दोन फ्रेममध्ये फसतो आणि बेस्ट ऑफ सेव्हनमध्ये दोन फ्रेम म्हणजे खूप झाल्या.

पैशांचं स्पष्ट बोलू या. २०२२-२३ च्या सीझनपासून टूरने प्लेयरला सीझनला २०,००० पौंडांची हमी द्यायला सुरुवात केली. त्याआधी पहिल्याच राउंडला हरलात तर बऱ्याच स्पर्धांत हातात काहीच पडायचं नाही आणि प्रवासखर्च खिशातून. पण ही रक्कम तुमच्या प्राइज मनीवरची उचल असते, वर मिळणारा बोनस नाही, आणि विमान, हॉटेल, टॅक्स, प्रॅक्टिस टेबलचं भाडं त्यातूनच जातं. माझं मत विचाराल तर स्पर्धेचा खर्च आणि घरखर्च यांची खाती पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवा आणि घरच्या खात्याला क्यूसाठी हात लावू नका, कारण पैशावरून घरात एकदा कटकट झाली की प्रत्येक एंट्री फीला परवानगी मागितल्यासारखं होतं.

मोठ्या प्लेयर्सची उदाहरणं लोक देतात, ती जपून घ्या. रॉनी ओ'सुलिव्हन २०१२ ला वर्ल्ड चॅम्पियन झाला, पुढचा जवळजवळ पूर्ण सीझन खेळला नाही आणि २०१३ ला परत येऊन तीच स्पर्धा जिंकला, पण तो रॉनी आहे आणि आदल्या वर्षीचा चॅम्पियन म्हणून आला होता. मला नील रॉबर्टसन जास्त जवळचा वाटतो. ऑस्ट्रेलिया सोडून इंग्लंडमध्ये घर केलेला माणूस, २०१० चा वर्ल्ड चॅम्पियन, आणि तरी घरच्यांपासून लांब राहणं किती कठीण जातं हे तो उघड बोलला. रँकिंग घसरून टॉप १६ च्या बाहेर गेला, २०२४ ला क्रूसिबलपर्यंत पोचला नाही, आणि त्याच वर्षी इंग्लिश ओपन जिंकला. घराची ओढ लागणं म्हणजे खेळात कमी पडणं नाही, हे नवीन पोरांना कोणीतरी सांगायला हवं, खास करून जी एकटी शेफील्डला खोली घेऊन राहतात त्यांना.

राहिला नोकरी सोडण्याचा प्रश्न. कार्ड हातात पडायच्या आधी तर अजिबात सोडू नका, आणि नंतरही आधी बिनपगारी रजा किंवा पार्टटाइमचं विचारा, तेही दोन वर्षांसाठीच, कारण कार्ड तेवढंच आहे. आणि कार्ड राहिलं नाही तर काय करायचं हे दुसऱ्या सीझनच्या डिसेंबरपर्यंत घरी बोलून घ्या. एप्रिलमध्ये वर्ल्डचे क्वालिफायर होतात, त्यात हरलात की यादीत कुठे आहात ते कळतं आणि मग थोड्याच आठवड्यांत क्यू स्कूल येतं. तेव्हा परत एंट्री भरायची की फुलटाइम कामावर जायचं हे एप्रिलमध्ये, हरून आल्यावर ठरवायला बसलात तर दोघांपैकी एकाला तरी मनाविरुद्ध हो म्हणावं लागतं. आम्ही डिसेंबरात ठरवलं होतं की अजून एकदा क्यू स्कूल, आणि साहेबांनाही जानेवारीतच तसं कळवून टाकलं होतं.