गिअरबॉक्स थंडीत स्लिप मारतो तेव्हा

मिनियापोलिस, जानेवारी, सकाळचे पावणेसात, बाहेर उणे 22. गाडी डीमध्ये, म्हणजे ड्राइव्हमध्ये टाकली, ब्रेक सोडला, तरी गाडी जागची हलेना. दोन-तीन सेकंद गेले आणि मागून कुणी गुडघा मारावा तसा धक्का देऊन निघाली. पुढे दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरमध्ये जाताना आरपीएमचा काटा 2000 वरून सरळ 3500 वर गेला. इंजिन बोंबलतंय, वेग मात्र ताशी 25 मैलच. दहा मिनिटं चालवल्यावर सगळं सुरळीत झालं. संध्याकाळी परत येताना तर गाडी अगदी साळसूद.

कराडला अण्णांना फोन लावला. एसटीच्या डेपोत वर्कशॉपमध्ये 28 वर्षं काढलेला माणूस. म्हणाले, "क्लच स्लिप मारतोय."

"अण्णा, ऑटोमॅटिक आहे. हिला क्लच नसतो."

"पेडल नसतं गं. क्लच कुठं जाईल?"

खरंच आहे ते. आत क्लच प्लेटांच्या चवडी असतात आणि त्या पायाऐवजी ऑइलच्या दाबानं आवळल्या जातात. हे ऑइल, म्हणजे एटीएफ (ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड), कडाक्याच्या थंडीत काकवीसारखं घट्ट होतं. पंपाला ते फिल्टरमधून ओढता ओढवत नाही, मग दाब उशिरा तयार होतो. जुन्या गाडीत रबरी सीलंही थंडीनं कडक होऊन आकसतात आणि त्यांच्या कडेनं दाब निसटतो. प्लेटा अर्धवट आवळल्या गेल्या की घासतात, जळतात. त्यात ऑइल मुळातच कमी असेल तर थंडीत ते आणखी आकसतं आणि पंप हवा ओढायला लागतो. म्हणून थंडीतच स्लिप मारते आणि गरम झाल्यावर थांबते, अशी गाडी असेल तर गिअरबॉक्स उघडायला देण्याआधी ऑइल बघा. गरम झाल्यावरही स्लिप मारत असेल, तर ऑइल बदलून फारसं काही हाती लागणार नाही. ती सरळ ट्रान्समिशनवाल्याकडे न्या.

आधी ती खरंच स्लिप आहे का, याची खात्री करा. थंड इंजिन लवकर तापावं म्हणून बऱ्याच गाड्या मुद्दामच गिअर उशिरा टाकतात. तेव्हा आरपीएम चढतो, पण वेगही चढतो. बर्फावर चाक फिरलं तर दोन्ही काटे चढतात आणि गाडी मात्र तिथंच. स्लिपमध्ये आरपीएम एकटाच पळतो. चेक इंजिनचा दिवा लागला असेल तर कोड वाचून घ्या. पी 0730 म्हणजे गिअरचं गुणोत्तर जुळत नाही.

आता लेव्हल. इथं मी माती खाल्ली. गाडी रात्रभर थंड, इंजिन बंद, आणि मी डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, काढून बघितली. ऑइल हॉटच्या खुणेच्या बरंच खाली. ओतलं पाऊण लिटर. गाडी तापल्यावर ते फुगून खुणेच्या वर गेलं, आतल्या फिरत्या भागांनी ते घुसळलं, फेस झाला. फेसाला दाब कुठला? दुसऱ्या दिवशी गाडी गरम असतानाही स्लिप मारायला लागली. मग डिपस्टिकच्या नळीत बारीक ट्यूब सोडून पंपानं ते परत बाहेर काढत बसले.

बहुतेक गाड्यांची रीत अशी: पंधरा-वीस मिनिटं चालवून आणा, सपाट जागेवर लावा. इंजिन चालू ठेवून, ब्रेकवर पाय ठेवून गिअरचा दांडा पीपासून (पार्किंग) खालपर्यंत प्रत्येक जागी दोन-तीन सेकंद थांबवत फिरवा आणि परत पीमध्ये आणा. डिपस्टिक पुसा, पुन्हा घाला, मग वाचा. काही कंपन्या इंजिन बंद करून लगेच बघायला सांगतात, तेव्हा गाडीचं पुस्तक उघडाच. नव्या पुष्कळ गाड्यांना डिपस्टिकच नसते. तिथं ऑइलचं तापमान मोजून ओव्हरफ्लोच्या बोल्टातून लेव्हल धरतात. ते काम मी तरी घरी करणार नाही.

डिपस्टिकचा थेंब पांढऱ्या टिश्यूवर टेकवा. लालसर असेल तर ठीक. चहासारखा तपकिरी झाला असेल तर बदलायला हवं. काळा आणि करपलेला वास, म्हणजे प्लेटा जळल्यात. स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखा गढूळ गुलाबी दिसला तर रेडिएटरमधलं कूलंट आत शिरलंय. गाडी चालवू नका, टो करून न्या. माझा चहाच्या रंगाचा होता.

ऑइल पुस्तकात लिहिलेल्या स्पेसिफिकेशनचंच घ्या. "सगळ्या गाड्यांना चालतं" असं लिहिलेल्या बाटलीवर माझा भरवसा नाही, आणि सीव्हीटीचं, म्हणजे ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिकचं, ऑइल तर वेगळंच असतं.

गाडी थोडी चालवून ऑइल कोमट करा, उकळतं नको. जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली शिरू नका. जॅकस्टँड लावा, मागच्या चाकांना अडण लावा, गाडी शक्य तितकी समपातळीत ठेवा. ड्रेन बोल्ट काढून ऑइल मोजता येईल अशा भांड्यात घ्या. माझं 3 लिटर निघालं. बोल्टाच्या लोहचुंबकावर करड्या रंगाची मेणासारखी लगदी होती. ती व्हिडिओ कॉलवर धरून दाखवली. अण्णा चष्मा वर करून म्हणाले, "बोटावर चोळ. टोचतंय का?" नाही टोचलं. "मग झीज आहे, साधी. तुकडे असते तर रडायचं." बोल्टाला नवं वॉशर घाला आणि फार आवळू नका, अॅल्युमिनियमचे आटे पटकन जातात. ज्यांच्या पॅनच्या (गिअरबॉक्सच्या तळाच्या ऑइलच्या ताटलीच्या) वर फिल्टर आहे त्यांनी पॅन उतरवून तोही बदलावा. माझ्या गाडीत तो बाहेरून बदलता येत नाही. जेवढं निघालं तेवढंच मोजून लांब नळीच्या फनेलनं डिपस्टिकच्या भोकातून ओता, मग वरच्या रीतीनं लेव्हल बघा.

एका खेपेत सगळं ऑइल बदलत नाही. माझ्या गाडीत एकूण 8 लिटर मावतं, उरलेलं 5 टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनाची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) आणि नळ्यांत अडकून राहतं. म्हणून मी मधे दोन-दोन आठवडे गाडी चालवून तीनदा बदललं. हिशेब केला तर जुनं जेमतेम पाव राहतं. मशीन लावून एकदम फ्लश करायचा आग्रह झाला होता, जुन्या गाडीला मी तो करू दिला नाही.

आता उणे 22 ला डीमध्ये टाकल्यावर सेकंदभर लागतो, धक्का नाही, काटा पळत नाही. तरी निघताना मिनिट-दोन मिनिटं इंजिन चालू ठेवते आणि पहिले दोन मैल हलक्या पायानं जाते. नुसतं पीमध्ये उभं ठेवून गिअरबॉक्स फारसा तापत नाही.

जुनं ऑइल दुधाच्या रिकाम्या गॅलनमध्ये भरून पार्ट्सच्या दुकानात दिलं. अशी बरीच दुकानं ते फुकट घेतात, फक्त त्यात कूलंट मिसळलेलं नको. गॅरेजच्या फरशीवर सांडलं होतं त्यावर मांजराच्या शी-शूसाठी मिळते ती वाळू (कॅट लिटर) पसरून रात्रभर ठेवली आणि सकाळी झाडून घेतली.