बाल-एंडोक्राइनमध्ये नवे आहात? हायपोस्पेडियासच्या फायली अशा वाचा

एमडी पेडियाट्रिक्सनंतर या, म्हणजे मुलांच्या हार्मोनच्या, शाखेकडे वळणारे बहुतेक जण डायबेटिस आणि उंची डोळ्यांसमोर ठेवून येतात. मीही तसाच आलो. मग सर्जरीकडून चिठ्ठ्या येऊ लागल्या: हायपोस्पेडियास (लघवीचं छिद्र टोकाला नसून खालच्या बाजूला), गोळ्या (वृषण) खाली उतरलेल्या नाहीत, लिंग लहान. फर्स्ट एमबीबीएसला घोकलेली स्टिरॉइडची साखळी (कोलेस्टेरॉलपासून हार्मोन कसे बनत जातात) तेव्हा पुन्हा काढावी लागली.

नवजात बाळाच्या दोन्ही गोळ्या हाताला लागत नसतील, तर 'मुलगा' असं लिहून मोकळे होऊ नका. ते सीएएच (अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा जन्मजात विकार) असलेलं 46,एक्सएक्स, म्हणजे गुणसूत्रांनी मुलगी असलेलं, बाळ असू शकतं, आणि दुसऱ्या आठवड्यात सोडियम घसरून दगावूही शकतं. कॅरिओटाइपची (गुणसूत्रांच्या तपासणीची) वाट न बघता सोडियम, पोटॅशियम पाहा आणि 48 तास उलटले की 17-ओएचपी (सीएएच शोधणारी रक्ततपासणी) पाठवा.

बाकीच्यांत घाई नसते, पण वेळ साधावी लागते. साधारण एक ते तीन महिन्यांच्या मुलग्यात टेस्टोस्टेरॉन आपसूक वर जातं, सहा महिन्यांपर्यंत खाली येतं आणि वयात येईस्तोवर खालीच राहतं. त्यामुळे चार वर्षांच्या मुलाचं नुसतं टेस्टोस्टेरॉन करणं म्हणजे आईबापांचे पैसे पाण्यात. त्या वयात आधी एचसीजीची (वृषणांना टेस्टोस्टेरॉन बनवायला लावणाऱ्या हार्मोनची) इंजेक्शनं, मग रक्त. एएमएचला (वृषणांतून येणाऱ्या आणखी एका हार्मोनला) इंजेक्शन लागत नाही; वृषण आहेत की नाहीत, एवढं ते सांगतं.

नवशिके अडखळतात ते टेस्टोस्टेरॉन आणि डीएचटी (त्याचंच जास्त जोरकस रूप) यांच्या गुणोत्तरात. बाह्य लिंगाची घडण मुख्यतः डीएचटीवर होते आणि ते टेस्टोस्टेरॉनपासून बनवतं 5-अल्फा रिडक्टेज. हे एन्झाइम कमी पडलं तर टेस्टोस्टेरॉन भरपूर असूनही लिंग नीट घडत नाही. 1974 साली डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या अशा कुटुंबांवर शोधनिबंध आला: मुली म्हणून वाढलेली मुलं वयात येताना पुरुषी होत गेली.

आता रिपोर्ट बघा. टेस्टोस्टेरॉन 210, डीएचटी 140. भागाकार दीड, म्हणजे सगळं ठीक? पहिला आकडा नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये, दुसरा पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये. 140 पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे 14 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर; खरं गुणोत्तर 15. जुनी पुस्तकं 30 च्या वर गेल्याशिवाय हलत नाहीत, नवे अभ्यास बरेच खाली संशय घेतात. अशा वेळी मी एसआरडी5ए2 या, हेच एन्झाइम बनवणाऱ्या, जीनची तपासणी सुचवतो. लॅबला फोन करून पद्धतही विचारा. तान्ह्या बाळात साध्या, अँटिबॉडीवर चालणाऱ्या इम्युनोअ‍ॅसेपेक्षा एलसी-एमएस (रेणू वेगळे करून वस्तुमानावरून मोजणारी पद्धत) भरवशाची.

हायपोस्पेडियासच्या बऱ्याच मुलांत हे सगळं नॉर्मल येतं. तसं आईला स्पष्ट सांगा, आणि शक्यतो आजी-मावश्यांना बाहेर बसवून. 'गरोदरपणात काय खाल्लंस' हा प्रश्न तिने घरी ऐकलेला असतो. सुंता करायची पद्धत असलेल्या घरी ती थांबवायला पहिल्याच भेटीत सांगा. दुरुस्तीच्या ऑपरेशनला तीच कातडी लागू शकते.