उंदराचे पुनःसंयोजित जीएम-सीएसएफ विरघळवताना

उंदराच्या अस्थिमज्जेतील पेशी वाढवण्यासाठी वापरले जाणारे, जनुकीय तंत्राने (पुनःसंयोजित) बनवलेले जीएम-सीएसएफ (ग्रॅन्युलोसाइट-मॅक्रोफेज कॉलनी-स्टिम्युलेटिंग फॅक्टर) हे संकेतप्रथिन बहुधा गोठवून वाळवलेल्या स्वरूपात येते आणि कुपीत ते इतके थोडे असते की कधीकधी डोळ्यांना दिसतही नाही. म्हणून झाकण उघडण्यापूर्वी कुपी सेंट्रिफ्यूजमध्ये क्षणभर फिरवून घ्यावी, म्हणजे झाकणाला चिकटलेले कण तळाशी बसतात. माहितीपत्रकात सांगितलेले निर्जंतुक द्रावण कुपीच्या कडेने हळूच सोडावे. व्हॉर्टेक्स करू नये, म्हणजे यंत्रावर जोराने घुसळू नये, कारण फेस आला की प्रथिनाची घडी बिघडू शकते. विरल द्रावणातील प्रथिन प्लास्टिकला चिकटून वाया जाते, त्यामुळे साठवणीच्या द्रावणात ०.१ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातील अल्ब्युमिन प्रथिन) असणे हिताचे. मग लगेच एकेका प्रयोगापुरते वाटे करून ते उणे ८० अंश सेल्सिअसला ठेवावेत आणि वितळलेला वाटा पुन्हा गोठवू नये. (मानवी पेशींवर हे प्रथिन काम करत नाही, हे प्रयोग आखतानाच ध्यानात घ्यावे.)

माझ्या मते सर्वाधिक दुर्लक्ष होते ते एंडोटॉक्सिनकडे, म्हणजे जिवाणूंच्या बाह्य आवरणातील विषारी घटकाकडे. ई. कोलाय या जिवाणूमध्ये तयार केलेल्या प्रथिनात त्याचा अंश उरला, तर मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशी त्यानेच उत्तेजित होतात. म्हणून उकळलेल्या प्रथिनाचा तुलनेसाठी एक नियंत्रण नमुना अवश्य ठेवावा, कारण उकळल्याने प्रथिन सहसा निष्क्रिय होते, पण एंडोटॉक्सिन बव्हंशी टिकून राहते.